फिलीचं (म्हणजे फिलाडेल्फियाचं) आर्च स्ट्रीट मीटिंग हाउस: दोनदा गेलो, दुसऱ्यांदा तासभर गप्प बसायला

लिबर्टी बेल बघून झाली की पुढे काय, हा न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि दर उन्हाळ्यात देशातून आईबाबा येणाऱ्या आमच्यासारख्या घरांचा कायमचा प्रॉब्लेम. नायगारा झालेला, वॉशिंग्टन झालेलं, पुतळा तर तीनदा झालेला. या वेळी सासूसासरे आले तेव्हा बाबांचे गुडघे बोलत होते म्हणून म्हटलं लांब नको, फिली करू. रांगेत उभं राहून घंटा बघितली, तर आई म्हणाल्या, "एवढी रांग लावून फुटकी घंटा?" आणि विषय संपला. मग पार्किंगचे पैसे तर भरलेलेच आहेत, वसूल करू, म्हणून चालत चालत आर्च स्ट्रीटला लागलो आणि थर्ड आणि फोर्थच्या मध्ये एक विटांची भिंत आणि आत एक लांबडी, साधीसुधी, अगदी झेडपीच्या शाळेसारखी इमारत दिसली. ना कळस, ना क्रॉस, ना रंगीत काचा. मीटिंग हाउस म्हणजे क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाची प्रार्थनेला जमायची जागा. बोर्डवर क्वेकर हा शब्द वाचून बाबा थबकले, कारण डॉक्टरांनी दम दिल्यापासून ते रोज सकाळी त्याच नावाचे ओट्स खातात.

तर पहिल्यांदा हे क्लिअर करते कारण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकल्यावर अकरा जणांनी हेच विचारलं. त्या ओट्सचा आणि या लोकांचा काही संबंध नाही. १८७७ साली कंपनीने नाव घेतलं कारण क्वेकर म्हणजे प्रामाणिक माणूस, मापात पाप करणार नाही, अशी लोकांत ख्याती होती. खरा संबंध आहे तो कॅडबरीचा. बर्मिंगहॅमचे कॅडबरी, यॉर्कचे राउनट्री, ब्रिस्टलचे फ्राय ही तिन्ही चॉकलेटवाली घराणी क्वेकर, शिवाय बार्कलेज आणि लॉइड्स या बँकांची मुळंही तिथेच. हे ऐकल्यावर आमची नऊ वर्षांची कन्या, जी तोपर्यंत "हे बोअरिंग आहे" या मोडमध्ये होती, तिने धर्मात थोडा इंटरेस्ट दाखवायला सुरुवात केली.

आत प्रदर्शन आहे आणि माहिती सांगायला माणसं असतात, आम्हाला एक पांढऱ्या केसांच्या आजी मिळाल्या. आता मी गाइड लोकांना वैतागलेली बाई आहे, पाठ केलेलं बोलतात आणि विनोदही ठरलेल्या जागी करतात, पण या आजी विचारलं तेवढंच सांगायच्या आणि मग थांबायच्या. थांबायच्या म्हणजे खरंच थांबायच्या. मला आधी वाटलं विसरल्या की काय. मग कळलं की या लोकांची सवयच ती आहे, बोलून झालं की गप्प राहायचं, लगेच दुसरं वाक्य भरायचं नाही. आपल्याकडे एवढा वेळ कोणी गप्प बसलं तर समोरचा म्हणतो "हॅलो, आवाज येतोय का".

थोडक्यात इतिहास सांगते, मी तिथे ऐकला तसा आणि घरी येऊन रात्री वाचला तसा. इंग्लंडमध्ये १६५० च्या आसपास जॉर्ज फॉक्स नावाच्या माणसाने सांगायला सुरुवात केली की देव प्रत्येकाच्या आत आहे, मध्ये पाद्री नको, दक्षिणा नको, संस्कार नकोत, सगळ्यांनी मिळून शांत बसा आणि कोणाला आतून काही सुचलं तर त्याने उठून बोला. बाईने पण. त्या काळात बाईने पण! न्यायाधीशासमोर उभं केल्यावर फॉक्स म्हणाला देवाच्या शब्दापुढे थरथरा, तर न्यायाधीशाने चेष्टेने नाव ठेवलं क्वेकर, म्हणजे थरथरे. ते स्वतःला फ्रेंड्स म्हणतात, मित्र.

आणि मग तो भाग आला जो मराठी माणसाला इंग्रज माणसापेक्षा लवकर कळतो असं माझं स्पष्ट मत आहे. तेव्हाच्या इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळे होते. नोकराला तू, मालकाला तुम्ही. क्वेकरांनी ठरवलं की देवासमोर सगळे सारखे तर बोलण्यात फरक कशाला, सगळ्यांना तू. सरदाराला तू, न्यायाधीशाला तू, कोणापुढे टोपी काढायची नाही, कोणाला सर नाही, लॉर्ड नाही. विचार करा कलेक्टर ऑफिसात जाऊन "अरे तू माझं काम कर" म्हणायचं. यावर मार खाल्ला, तुरुंगात गेले लोक. मी आईंना हे मराठीत समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आपण विठोबाला अरे-तुरे करतोच की, यांनी न्यायाधीशालाही केलं एवढंच." एवढं नेमकं मला सुचलं नसतं.

टोपीचा किस्सा तर सिनेमात शोभेल असा आहे. विल्यम पेन, ज्याच्या नावावरून पेनसिल्व्हेनिया, तो मोठ्या ॲडमिरलचा मुलगा आणि क्वेकर झालेला. १६७० साली लंडनमध्ये रस्त्यात प्रवचन केलं म्हणून खटला. कोर्टात येताना टोप्या आधीच काढलेल्या होत्या, तर आतून हुकूम झाला यांच्या डोक्यावर टोप्या घाला, आणि घातल्यावर कोर्टापुढे टोपी काढत नाही म्हणून दंड ठोकला! पण ज्युरी अशी खमकी की उपाशी कोंडलं तरी दोषी म्हणायला तयार होईना, मग ज्युरीलाच दंड, आणि त्यातून पुढे कायदा पक्का झाला की ज्युरीने काय निकाल द्यावा यासाठी तिला शिक्षा करता येत नाही. बाबांनी हे तीनदा सांगायला लावलं.

राजाकडे पेनच्या वडिलांचे सोळा हजार पौंड येणं होतं, ती उधारी फेडायला राजाने १६८१ साली पैसे न देता अमेरिकेतली जमीन लिहून दिली. पेनने इथे शहर वसवलं, कोणत्याही पंथाच्या माणसाला राहू दिलं, इथल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांशी करार केला आणि तो पाळलाही. पोरांनी मात्र १७३७ मध्ये त्याच लेनापेंना फसवून अफाट जमीन लाटली. बापाने कमावलं पोरांनी घालवलं, आपल्याकडे दर तालुक्यात एक उदाहरण आहे. आणि पेन स्वतः गुलाम बाळगून होता. हे त्या आजींनी आम्ही न विचारता सांगितलं, आवाज न बदलता. मला तिथेच ही जागा आवडली.

मीटिंग हाउस ज्या जमिनीवर आहे ती पेनने १७०१ मध्ये क्वेकरांना दफनभूमी म्हणून दिली. इमारत नंतरची, १८०३ ते १८०५ मध्ये ओवेन बिडल नावाच्या क्वेकर सुताराने आखून बांधली आणि पश्चिमेची बाजू १८११ ला, बायकांच्या वार्षिक सभेसाठी. म्हणजे शंभर वर्षं आधी इथे नुसती माणसं पुरत होते. १७९३ ला फिलीत पिवळ्या तापाची साथ आली त्यातले कितीतरी इथेच. आणि दगड नाहीत कारण थडग्यावर नाव कोरणं म्हणजे मोठेपणा, तो यांना मान्य नाही. आईंनी विचारलं, "म्हणजे आपण आत्ता स्मशानावर उभ्या आहोत?" मी म्हटलं हो. त्यांनी चप्पल काढली. आजींनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली. मला फार बरं वाटलं.

आतला मोठा हॉल बघण्यासारखा म्हणजे त्यात बघण्यासारखं काही नाही म्हणून बघण्यासारखा. लाकडी बाकं, वर गॅलरीत बाकं, समोर लोकांकडे तोंड करून आणखी बाकं, बस. वेदी नाही, मूर्ती नाही, माइकवाला स्टेज नाही. उजेड तेवढा मोठ्या खिडक्यांतून येतो. ज्यांना इन्स्टासाठी फोटो पाहिजेत त्यांनी दोन ब्लॉकवरच्या गल्लीत जा, इथे सगळे फोटो एकसारखे येतात, मी ट्राय केलं.

आता बाबांचा भाग. बाबा जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं होते, आवक-जावक ते अधीक्षक. प्रदर्शनात गुलामगिरीवरचं वाचताना ते एका ठिकाणी जे अडकले ते अर्धा तास. गोष्ट अशी. १६८८ साली फिलीजवळच्या जर्मनटाउनमधल्या चार जर्मन-डच माणसांनी एक अर्ज लिहिला की माणसं चोरून आणून विकणं चूक आहे, तुमच्याशी कोणी असं केलं तर चालेल का, युरोपातले लोक ऐकतील तर आपल्याला काय म्हणतील. फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस हा त्यातला शिकलेला माणूस. या इंग्रजी वसाहतींमध्ये गुलामगिरीविरुद्ध लेखी तक्रार करणारा हा पहिला कागद धरतात. क्वेकरांची रचना अशी की गावातली सभा महिन्याला कामकाज करते म्हणून तिला मासिक मीटिंग म्हणतात, तिच्यावर तिमाही, तिच्यावर वार्षिक. तर अर्ज गेला मासिक सभेकडे. तिने लिहिलं विषय फार वजनदार आहे, आम्ही इथे हात घालणं योग्य नाही, तिमाहीकडे पाठवा. तिमाहीने तेच म्हणून वार्षिककडे सरकवला. वार्षिकने शेरा मारला की या गोष्टीचा इतर पुष्कळ भागांशी संबंध येत असल्याने या सभेने ठाम मत देणं उचित नाही, सबब तूर्त थांबण्यात येत आहे.

बाबा मोठ्याने हसले. त्या शांत हॉलमध्ये. म्हणाले, "अगं हे तर हुबेहूब आमचं. 'धोरणात्मक बाब असल्याने वरिष्ठांकडे सादर.' शब्दसुद्धा तेच!" मग मी त्यांना पुढचं वाचून दाखवलं की तो कागद नंतर गहाळ झाला, १८४४ ला सापडला, पुन्हा गहाळ झाला, आणि २००५ साली मिळाला कुठे, तर याच इमारतीच्या तिजोरीखोलीत. आता तो हॅवरफर्ड कॉलेजात जपून ठेवलाय. बाबांचं हसू गेलं. म्हणाले, "फाइल हरवत नसते गं. कोणीतरी न बघण्याच्या जागी ठेवलेली असते." आणि बाकावर जाऊन बसले.

फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने माणसं विकत घेणाऱ्या-विकणाऱ्या सभासदांवर कारवाई ठरवली १७५८ ला आणि गुलाम ठेवणाऱ्याला सभासदच राहता येणार नाही असं म्हटलं १७७६ ला. अर्जापासून अठ्ठ्याऐंशी वर्षं. मधल्या काळात जॉन वूलमन गावोगाव पायी फिरून घराघरात बसून समजावत होता, अँथनी बेनेझे काळ्या मुलांना शिकवत होता, आणि एक होता बेंजामिन ले. हा माझा हिरो. चार फूट उंची, पाठीला कुबड, ॲबिंग्टनजवळ गुहेत राहायचा, मांस नाही, गुलामांनी पिकवलेली साखर नाही, कपडे स्वतः सूत काढून. १७३८ ला बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत, म्हणजे जिथे गुलाम बाळगणारे मातब्बर क्वेकर पुढच्या बाकांवर बसलेले, तिथे हा झगा घालून गेला, आत सैनिकाचा वेश आणि तलवार, हातात पोखरलेलं पुस्तक, त्यात लाल रसाने भरलेली पिशवी. उभा राहिला, म्हणाला दुसऱ्याला गुलाम करणाऱ्यांचं रक्त देव असंच सांडेल, आणि खुपसली तलवार पुस्तकात. आजूबाजूच्यांच्या अंगावर लाल शिंतोडे. शांततावादी लोकांच्या सभेत हे! उचलून बाहेर टाकला. त्याच वर्षी सभासदत्वही गेलं. १७५८ चा ठराव झाल्याची बातमी त्याला कळली आणि पुढच्या वर्षी तो गेला. त्याच्या आणि बायकोच्या नावाचा दगड ॲबिंग्टनच्या दफनभूमीत बसवला २०१८ मध्ये. दगड न लावणाऱ्या लोकांनी दगड लावला म्हणजे बघा.

इथपर्यंत आपल्याला वाटतं चला, उशिरा का होईना शहाणे झाले. मग बाकाची गोष्ट कळते. सेरा मॅप्स डग्लस ही फिलीतली काळी शिक्षिका, काळ्या मुलींची शाळा चालवायची, तिची आई ग्रेस क्वेकर पद्धतीने राहायची आणि याच आर्च स्ट्रीटच्या सभेला यायची. इथे त्यांना वेगळं बाक होतं. सेराने लिहून ठेवलंय की लहानपणी आईजवळ बसल्यावर कोणी गोरं माणूस शेजारी बसायला आलं की त्याला सांगितलं जायचं, हे बाक काळ्यांसाठी आहे, आणि एका सभेत हे पाचसहादा कानावर पडायचं. गुलामगिरी चूक म्हणणारे हेच लोक. पुढे साउथ कॅरोलिनाहून आलेली गोरी सेरा ग्रिम्के मुद्दाम या मायलेकींजवळ जाऊन बसायची, त्यावरूनही नाराजी.

याला मराठीत शब्द आहे आणि तो आईंनी उच्चारला. "पंक्तिभेद." मी वेगळा अनुवाद शोधत बसले होते. जोतिबा फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलंय ते अमेरिकेतल्या गुलामांना सोडवण्यासाठी झिजलेल्या भल्या लोकांना, हे शाळेत वाचलेलं होतं पण ते भले लोक म्हणजे कोण हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्या लोकांमध्ये इथल्या बाकांवर बसणारे बरेच जण होते. आणि त्याच हॉलमध्ये ते एक वेगळं बाकही होतं. मला वाटतं जोतिबांना हे कळलं असतं तर त्यांनी अर्पण काढलं नसतं, पण खाली दोन ओळी नक्की घातल्या असत्या, सोडणारा माणूस नव्हता तो.

भाऊबंदकी पण झालेली आहे. १८२७ ला याच इमारतीत वार्षिक सभा फुटली. लाँग आयलंडचा एलायस हिक्स म्हणायचा आतला प्रकाश, म्हणजे प्रत्येकाच्या आतला देव, बायबलच्या वर, दुसरे म्हणाले हे अती झालं, आणि पैसेवाले विरुद्ध खेड्यातले असाही रंग होता. हिक्सवाले बाहेर पडून वेगळे झाले, पुढे रेस स्ट्रीटला स्वतःचं मीटिंग हाउस बांधलं, आर्च स्ट्रीट राहिलं जुन्या गटाकडे. एकाच शहरात दोन फिलाडेल्फिया वार्षिक सभा, दोन्ही म्हणणार खरी आमची. परत एकत्र आले १९५५ ला. आमच्या गावात दोन गणपती मंडळं फुटून चाळीस वर्षं झाली, म्हणजे अजून आशा आहे.

त्याआधीची फूट तर दोन ब्लॉकवर आहे, आर्च आणि फिफ्थच्या कोपऱ्यावर. स्वातंत्र्ययुद्धात क्वेकर म्हणाले आम्ही लढणार नाही, ज्यांनी लढाईला साथ दिली त्यांना काढून टाकलं, तर त्या काढलेल्यांनी १७८३ ला स्वतःचं फ्री क्वेकर मीटिंग हाउस उभारलं. दगडावर लिहिलंय 'साम्राज्याचं आठवं वर्ष', नवा देश आठ वर्षांचा नाही झाला तर साम्राज्य! अमेरिकेचा पहिला झेंडा शिवणारी म्हणून प्रसिद्ध असलेली बेट्सी रॉस यांच्यातलीच, तिला त्याआधीच पंथाबाहेर लग्न केलं म्हणून काढलेलं. तिचं घर पण याच रस्त्यावर आहे, तिथे गर्दी असते, दुरून बघितलं आणि पुढे गेलो.

निघताना आजींनी सहज म्हटलं की ही नुसती जुनी वास्तू नाही, रविवारी सभा भरते, कोणीही या. आणि आई, ज्या इगतपुरीला दहा दिवसांची विपश्यना करून आलेल्या आहेत आणि ते कोणालाही विसरू देत नाहीत, म्हणाल्या जाऊया. म्हणून दुसरी व्हिजिट.

खरं सांगते मी टेन्शनमध्ये होते. सोबत पोरगी. आणि नवरा, ज्याला पाच मिनिटं फोनशिवाय बसवत नाही. गेलो, दारात एकाने हसून हात मिळवला, बसलो. पंधरावीस लोक असतील, म्हातारे जास्त, दोन तरुण जोडपी. कोणी सुरू करा म्हणालं नाही. घंटा नाही, आरती नाही, स्वागत नाही. लोक येऊन बसत गेले आणि कधीतरी ते सुरू झालेलं होतं. पहिली दहा मिनिटं माझ्या डोक्यात भाजीची यादी, गॅस बंद केला का, ऑफिसचा तो मेल. मग पोट वाजलं, शेजारच्याने ऐकलं की काय म्हणून पाच मिनिटं लाज. मग काय झालं मला नीट सांगता येत नाही. बाहेरून ट्रकचा आवाज आला तो पण आतल्या शांततेचाच भाग वाटला एवढंच सांगते. साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांनी एक म्हातारे गृहस्थ उठले, म्हणाले शेजाऱ्याशी कुंपणावरून दोन वर्षं भांडण होतं, या आठवड्यात त्याने न विचारता टोमॅटो आणून दिले आणि मला थँक्यू म्हणता आलं नाही, अजून म्हटलेलं नाही. आणि बसले. कोणी टाळ्या नाही, कोणी "वा छान" नाही, सल्ला नाही. परत शांतता, आता तिच्यात ते टोमॅटो. तास झाल्यावर एकाने शेजाऱ्याशी हात मिळवला, मग सगळ्यांनी, संपलं.

आईंना विचारलं विपश्यनेसारखं वाटलं का. म्हणाल्या, "नाही गं. तिथे मी एकटी गप्प होते. इथे सगळे मिळून गप्प होते, कोणाची तरी वाट बघितल्यासारखे."

नंतर कॉफी असते. तिथे बाबांनी मला दुभाषी करून चौकशी समितीच बसवली. निर्णय कसे घेता? मतदान नाही म्हणाले. बहुमत नाही. एक क्लार्क असतो, तो सगळ्यांचं ऐकतो आणि सभेचा कल काय झालाय असं त्याला वाटतं ते मांडतो, कोणाला मनापासून पटत नसेल तर थांबायचं, परत गप्प बसायचं, पुढच्या महिन्यात परत. आणि इतिवृत्त तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवून सभेतच मंजूर करायची पद्धत. बाबांना हे शेवटचं झेपलंच नाही. "पुढच्या सभेत मागील इतिवृत्त कायम करणे हा पहिला विषयच नाही?" नाही. त्यांच्या नाशिकच्या सोसायटीत पार्किंगच्या रेषेवरून तीन एजीएम उधळल्यात, त्यामुळे मतदान न घेता लोक तीनशे वर्षं एकत्र आहेत हे त्यांना पिवळ्या तापाच्या साथीपेक्षा मोठं आश्चर्य वाटलं. मग स्वतःच म्हणाले, "पण असं एकमताची वाट बघत बसल्यामुळेच त्या अर्जाला अठ्ठ्याऐंशी वर्षं लागली." मी हे भाषांतर करू की नको विचारात होते, केलं. ते गृहस्थ, तेच टोमॅटोवाले, म्हणाले हो. आणि थांबले, ते नेहमीचं थांबणं.

लग्नाची पद्धत पण मस्त आहे. भटजी नाही, पाद्री नाही, दोघं शांततेत उभे राहून स्वतःच एकमेकांना वचन देतात आणि हजर असलेले सगळे, पोरंटोरंसुद्धा, सर्टिफिकेटवर सह्या करतात. पेनसिल्व्हेनियात असं लग्न लावणाऱ्याशिवायचं लायसन्स आजही मिळतं. आमच्या लग्नात आठशे लोक होते, सह्याच संपल्या नसत्या.

आपल्याकडचा धागा विचारत असाल तर आहे. इंग्लंडच्या क्वेकरांचं होशंगाबादला जुनं काम होतं, तिथल्या रसुलियाच्या केंद्रातला डोनाल्ड ग्रूम विनोबांबरोबर भूदानात चालला. मार्जरी साइक्स ही क्वेकर बाई वर्ध्याला सेवाग्राममध्ये राहून नई तालीमचे शिक्षक तयार करायची. आई वर्ध्याच्या माहेरवाशीण, त्यांना नाव ऐकून माहीत होतं पण ती बाई या लोकांपैकी हे आत्ता कळलं. आणि १९४७ चं शांततेचं नोबेल क्वेकरांच्या दोन मदतसंस्थांना मिळालं, एक लंडनची आणि एक इथली फिलीची, तर इथून घ्यायला गेलेल्या हेन्री कॅडबरीकडे समारंभाचा कोट नव्हता, त्याने मदतीसाठी गोळा झालेल्या जुन्या कपड्यांतून एक घालून नेला आणि परत आणून दिला. असली माणसं.

एक सजेशन. त्याच दिवशी दुपारी जमलं तर फेअरमाउंटला ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी बघा, जुना तुरुंग, १८२९ चा. त्यामागेही क्वेकर विचारांचा मोठा हात होता, कैद्याला फटके नकोत, एकटं शांत ठेवा म्हणजे तो आत बघेल, पस्तावेल. हेतू चांगलाच. पण बाहेर काढताना तोंडावर बुरखा, कोणाशी शब्द नाही, वर्षानुवर्षं. १८४२ ला चार्ल्स डिकन्स बघून गेला आणि याला क्रूर म्हणाला. सकाळी जी शांतता आम्हाला आवडली तीच तिथे एका खोलीत कोंडलेली बघून आई आत गेल्याच नाहीत, दारातून वळल्या. मी गेले. अर्ध्या मिनिटात बाहेर आले.

प्रॅक्टिकल गोष्टी. वेळा बदलत असतात, निघण्याआधी बघून घ्या. तासदीड तास पुरे, पण बरोबर रिटायर्ड सरकारी माणूस असेल तर तीन तास धरा. गाडी जवळच्या एका गॅरेजमध्ये लावली होती, बोर्डवर एक रेट आणि बाहेर पडताना भलताच, विचारलं तर म्हणे तो अर्ली बर्ड, म्हणजे सकाळी लवकर येणाऱ्यांचा रेट होता. एकच भाव सांगायचा, घासाघीस नाही, ही पद्धत सुरू करणाऱ्यांत क्वेकर दुकानदार होते, आणि त्यांच्याच शहरात आमची ही गत. ट्रेनने जा.

रेटिंग पाचपैकी पाच, आणि हे मी ज्या बाईने ताजमहालला चार दिले ती म्हणतेय. लेकीसाठी वेगळं रेटिंग विचारलं. तिने त्या तासात गॅलरीतली बाकं मोजली म्हणे, दोनदा, आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला, त्यामुळे तिला परत जायचंय.